पांढरा डाग आणि बदली कामगार



या व्याख्यानमालेच्या चिटणिसांचे पत्र आले तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, आम्ही बोनस, किमान वेतन किंवा कामगार चळवळीचे भवितव्य अशा एखाद्या विषयावर बोलावे. आम्ही उलट टपाली कळवले की, आम्हांला अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, म्हणजे ज्याला आपण कोड म्हणतो त्याच्यावर प्रयोगशाळेत जे संशोधन चालते, आणि ते ज्यांच्या हातून होते, त्यांच्याविषयी बोलायचे आहे. चिटणिसांनी सौजन्याने विचारले, "हा विषय एखाद्या डॉक्टरांकडे दिला तर बरे होणार नाही का?" शंका रास्त आहे. १९८२ च्या संपात आमच्या वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा आम्ही सातवीत होतो. शाळा तेथेच सुटली. पुढचे जे काही वाचन झाले ते रात्री, वाचनालयात, शब्दकोश मांडीवर घेऊन झाले. तेव्हा आज आम्ही जे सांगू ते वैद्यकाच्या अधिकाराने नव्हे. पण ज्या दोन गोष्टी आम्हांला थोड्याफार कळतात, एक कारखान्यातला माणूस आणि दुसरी कंत्राटाची नोकरी, त्या दोन्ही या विषयात अशा काही गुंतल्या आहेत की, डॉक्टरमंडळी बहुधा त्यांच्याकडे पाहत नाहीत. म्हणून हे धाडस.

प्रथम रोग कोणता ते नीट समजून घेऊ. आपल्याकडे त्याला श्वेतकुष्ठ असेही एक नाव आहे, आणि या एका नावाने जितकी घरे उद्ध्वस्त केली तितकी रोगाने केली नसतील. महारोगाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. महारोग जंतूंमुळे होतो. कोडात जंतू नाही, संसर्ग नाही, वेदना नाही. जगातल्या शंभर माणसांमागे अर्ध्यापासून एक-दोन माणसांपर्यंत हे डाग सापडतात. दूध आणि मासे एकत्र खाल्ल्याने कोड उठते ही आजीबाईंची समजूत अजून घरोघर आहे. तिला आधार नाही. मागल्या जन्मीच्या पापाची गोष्ट तर आम्ही येथे काढतही नाही.

कातडीचा सगळ्यांत वरचा थर म्हणजे एक वस्ती आहे असे समजा. तिच्या तळच्या रांगेत मधूनमधून रंगपेशी बसलेल्या असतात. शास्त्रज्ञ त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात. रंगपेशी रंग तयार करते आणि आपल्या लांब लांब फांद्यांनी तो शेजारच्या साध्या पेशींना पुड्या बांधून पोहोचवते. एक रंगपेशी सुमारे छत्तीस शेजाऱ्यांना रंग पुरवते असा हिशेब आहे. म्हणजे एक रंगारी आणि छत्तीस घरे. हा रंगारी मेला की छत्तीस घरे पांढरी पडतात. घरे शाबूत असतात. त्यांत दुखत-खुपत नाही, ती गळतही नाहीत. कोड म्हणतात ते एवढेच.

मग रंगाऱ्याला मारतो कोण? याचे उत्तर पुष्कळ वर्षे कोणाला नक्की सांगता येत नव्हते. आज ते सांगता येते. शरीराच्या रक्षणासाठी रक्तात ज्या पांढऱ्या पेशी फिरतात, त्यांतल्या टी-पेशी नावाच्या पहारेकऱ्यांचे हे काम. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून मारणे हा त्यांचा धर्म. पण कोडात ते घरच्याच रंगाऱ्याला परका समजून मारतात. अशा रोगांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. अ‍ॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी २००९ मध्ये एक साधा आणि पक्का प्रयोग प्रसिद्ध केला. रोग्याच्या डागाच्या कडेवरून त्यांनी टी-पेशी काढल्या, त्या वाढवल्या आणि त्याच रोग्याच्या निरोगी कातडीच्या तुकड्याबरोबर बशीत ठेवल्या. पहारेकरी त्या तुकड्यात शिरले आणि त्यांनी तेथल्या रंगपेशी टिपून मारल्या. खटल्यात आरोपीला घटनास्थळी पकडावे तसे हे झाले.

येथपर्यंतची गोष्ट दवाखान्याची आहे. पण या रोगाच्या ज्ञानातला एक मोठा दुवा दवाखान्यात सापडलेला नाही. तो एका टॅनरीत सापडला.

१९३९ साली अमेरिकेतल्या ऑलिव्हर, श्वार्ट्झ आणि वॉरन या तिघा डॉक्टरांनी एक टिपण छापले. चामडे कमावण्याच्या एका कारखान्यात कामगारांचे हात पांढरे पडू लागले होते. मनगटापासून वर, कोपराखालपर्यंत, जेथवर हातमोजा पोहोचतो तेथवर. हातमोजे रबराचे होते, आणि ते दिले होते कशासाठी, तर कामगारांच्या हाताचे रक्षण व्हावे म्हणून! तपास करता करता असे निघाले की, रबर लवकर कुजू नये, त्याला तडे जाऊ नयेत, म्हणून त्यात हायड्रोक्विनोनचा मोनोबेन्झिल ईथर नावाचे एक रसायन घातले होते. घामाबरोबर ते कातडीत उतरत होते. काहींच्या अंगावर तर मोजा जेथे कधी लागला नव्हता अशा जागीही डाग आले. मोजे बदलल्यावर पुष्कळांचा रंग हळूहळू परतला. सर्वांचा परतला नाही.

आता गंमत पाहा. ज्या रसायनाने कामगारांचा रंग गेला तेच पुढे, १९५० नंतरच्या दशकात, औषध म्हणून बाजारात आले. ज्याच्या अंगाचा बहुतेक भाग आधीच पांढरा पडला आहे त्याच्या उरलेल्या काळ्या ठिपक्यांचा रंग घालवून त्याला एकसारखे करण्यासाठी त्याचे मलम वापरू लागले. औषध म्हणून ते वाईट होते असे आम्ही म्हणत नाही. अशा रोग्यांना त्याचा उपयोग झाला आहे. पण त्या औषधाचा शोध कोणी लावला असे विचारले, तर आम्ही त्या टॅनरीतल्या कामगारांची नावे सांगितली असती. ती नावे आम्हांला कोठे छापलेली सापडली नाहीत. डॉक्टरांची तीन सापडली.

ही गोष्ट परदेशातली आणि जुनी म्हणून सोडून देता येत नाही. येथे बसलेल्या भगिनींना विचारतो: टिकलीच्या जागी कपाळावर वाटोळा पांढरा डाग आलेली बाई आपण पाहिली आहे की नाही? लोक म्हणतात, "कोड उठले." अलाहाबादच्या डॉक्टर बजाज यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, चिकटटिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल हे रसायन मोकळे राहिलेले असते आणि डाग त्याचा आहे. रबरी चपलेच्या पट्ट्याखाली इंग्रजी 'व्ही' अक्षरासारखा डाग येतो, तोही याच जातीचा. कलकत्त्याच्या दोघा डॉक्टरांनी अशा रासायनिक डागांचे ८६४ रोगी तपासून २००९ मध्ये हिशेब मांडला. त्यात केसांचा कलप पहिला होता, टिकली आणि चप्पलही यादीत वर होत्या. जपानात २०१३ मध्ये कानेबो या प्रसिद्ध कंपनीला आपली गोरेपणाची प्रसाधने परत मागवावी लागली. त्यांतल्या ऱ्होडोडेन्ड्रॉल या द्रव्याने हजारो स्त्रियांच्या चेहऱ्यावर व मानेवर डाग पाडले होते.

या सगळ्या रसायनांत साम्य काय? शाळा सुटलेल्या माणसाला हे समजायला फार दिवस लागले, पण समजल्यावर मोठा आनंद झाला, म्हणून तो येथे वाटून घेतो. रंगपेशीत टायरोसिनेज नावाचे एक कामकरी द्रव्य असते. टायरोसिन हा कच्चा माल घेऊन त्याचा रंग करणे हे त्याचे काम. वर सांगितलेली रसायने दिसायला त्या कच्च्या मालासारखीच असतात. टायरोसिनेज फसते आणि ती उचलते. मग त्यातून जे तापट द्रव्य निघते ते टायरोसिनेजलाच चिकटून बसते, आणि त्याचा चेहरा बदलून टाकते. पहारेकरी टी-पेशी हा नवा चेहरा पाहतात आणि शिट्टी फुंकतात. म्हणून डाग रंगपेशीपुरताच पडतो, आणि म्हणून कधीकधी मोजा न लागलेल्या जागीही पडतो. कारण एकदा चेहरा ओळखीचा झाला की, पहारेकरी त्याला अंगभर शोधतात.

"पण मग सर्वांनाच का होत नाही? म्हणजे दोष घराण्याचाच ना?" हा प्रश्न मालकही विचारतात आणि मुलीचे स्थळ पाहायला आलेले पाहुणेही विचारतात. उत्तर असे आहे की, रक्ताचा भाग त्यात आहे, पण तो एकटा पुरत नाही. एकाच बीजाच्या जुळ्या भावंडांत रक्त सारखे असते. त्यांतल्या एकाला कोड असेल तर दुसऱ्यालाही ते शंभरात सुमारे तेवीस वेळा आढळले. उरलेल्या सत्त्याहत्तर वेळा रक्त तेच, आणि डाग नाही. मधे काहीतरी घडावे लागते.

आमच्या युनियनमधले एक प्रकरण सांगतो. जागेचे व मालकाचे नाव घेत नाही. एका वसाहतीत चपला-बूट करणारा लहान कारखाना होता. तेथे बायका तळ चिकटवण्याचे सोल्यूशन बोटाने लावीत. ब्रश होते, पण बोटाने काम लवकर होते आणि दर नगावर होता. एका बाईची उजव्या हाताची बोटे पांढरी होऊ लागली. मुकादम म्हणाला, "कोड आहे, घरी बस." मालकाच्या ओळखीच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर तेच लिहिले. दोन महिन्यांत तिच्या हातचा चहा घेणे इतर बायकांनी बंद केले आणि तिच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले. तेव्हा ती आमच्याकडे आली. आम्ही त्या खात्यात गेलो आणि हात पाहिले. आणखी दोघींच्या बोटांना सुरुवात होती; त्या हात पदराखाली धरून बसल्या होत्या. तीन घराण्यांचे कोड एकाच खात्यात, एकाच हाताच्या त्याच बोटांना कसे उठले, एवढाच सवाल आम्ही लेखी टाकला. डबा हस्तगत केला. त्यावरचे नाव उतरवून घेतले, सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी पाठीवर पट्टी लावून चाचणी घेतली आणि निदान बदलून दिले. सोल्यूशनातली राळ त्याच टिकलीच्या गोंदाच्या घराण्यातली होती.

त्या वेळी आमच्याजवळ जे शस्त्र होते ते तीन-चार शास्त्रीय लेखांच्या झेरॉक्स प्रतींचे होते. ते लेख कोणी लिहिले? ही विचारणा आम्हांला आजच्या विषयाच्या दुसऱ्या भागाकडे घेऊन जाते.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर नावाचे शहर आहे. एके काळी ते तारांचे आणि यंत्रांचे कारखाने असलेले गाव होते. आज तेथे राज्य विद्यापीठाचे मोठे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्यात जॉन हॅरिस या डॉक्टरांची कोडावर काम करणारी प्रयोगशाळा. माणसावर सर्व प्रयोग करता येत नाहीत, म्हणून उंदरावर करायचे. पण अडचण अशी की, उंदराच्या कातडीत रंगपेशी बहुतांशी केसांच्या मुळाशी असतात, आणि माणसाचे कोड तर कातडीच्या वरच्या थरात असते. त्यासाठी कातडीत रंगपेशी टिकून राहतील असा खास वंश घेतला. त्याला रंगपेशी ओळखणाऱ्या टी-पेशी टोचल्या. पाच ते सात आठवड्यांत कान, नाक, पंजे आणि शेपटी यांवर पांढरे डाग उमटले. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झाले, आणि माणसाच्या कोडाशी जुळणारा उंदीर हाती आला. मग एकेक दुवा काढून पाहायचा. यंत्र बिघडले की जॉबर एकेक पट्टा उतरवून पाहतो, तसेच.

पहिला दुवा निघाला इंटरफेरॉन गॅमा. पहारेकरी तो सोडतात. २०१४ मध्ये दुसरा छापून आला. त्या लेखावर पहिले नाव मेहदी रशिघी यांचे आहे. दुव्याचे नाव सीएक्ससीएल-१०. याला आम्ही भोंगा म्हणतो. पहारेकऱ्याने इंटरफेरॉन सोडला की, शेजारच्या त्या साध्या पेशी, ज्यांना रंगारी रंग पुरवतो त्याच, घाबरून हा भोंगा वाजवतात आणि रक्तातले आणखी पहारेकरी तेथे धावून येतात. म्हणजे ज्या छत्तीस घरांना त्याने रंग दिला त्यांच्याच छतावरून त्याच्या मरणाचा भोंगा वाजतो. उंदरात हा भोंगा बंद केला तर डाग पसरणे थांबले, आणि आधीच्या डागांत रंगही परतू लागला.

भोंग्यापर्यंत जाणारी तार पेशीच्या आत 'जॅक' नावाच्या द्रव्यांतून जाते. ही तार कापणारी औषधे दुसऱ्या रोगांसाठी आधीच तयार होती. २०१५ मध्ये येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी अशाच एका औषधाने एका बाईच्या चेहऱ्यावरचा व हातांवरचा रंग परतल्याचे कळवले. जुलै २०२२ मध्ये रक्सोलिटिनिब या औषधाच्या मलमाला अमेरिकन सरकारने बारा वर्षांवरील कोडाच्या रोग्यांसाठी मंजुरी दिली. मोठ्या चाचण्यांत चोवीस आठवडे मलम लावणाऱ्यांपैकी शंभरात सुमारे तीस जणांच्या चेहऱ्यावरचे डाग तीनचतुर्थांश किंवा अधिक भरून आले. नुसते औषधाशिवायचे मलम लावणाऱ्यांत हे प्रमाण शंभरात सात ते अकरा होते. तीस म्हणजे शंभर नव्हेत, हे जाहिरात वाचताना लक्षात ठेवावे.

प्रत्येक प्रयोग लागू पडतो असेही नाही. कोलेस्टेरॉलवरच्या सिमव्हास्टॅटिन या स्वस्त गोळीने उंदराचे डाग परतवले होते. २०१७ मध्ये माणसांवर लहानशी चाचणी झाली तेव्हा काहीही उपयोग झाला नाही. आम्हांला हा लेख विशेष आवडला. फसलेला प्रयोग इतक्या सरळपणे छापणारे लोक आमच्या क्षेत्रात फार भेटत नाहीत.

आणि औषध बंद केले की पुष्कळांचा डाग परत येतो, तोही हटकून त्याच जागी. का? तर पहिल्या चढाईनंतर काही पहारेकरी कातडीतच घर करून राहतात. जिलियन रिचमंड या त्या प्रयोगशाळेत पोस्टडॉक म्हणून आल्या होत्या. त्यांच्या नावाने २०१८ मध्ये आलेल्या लेखात असे दिसले की, या मुक्कामी पहारेकऱ्यांचा शिधा, म्हणजे इंटरल्यूकिन-१५ चा संदेश, तोडला तर उंदरात थोड्या दिवसांच्या उपचाराने रंग दीर्घकाळ टिकतो.

आता हा 'पोस्टडॉक' कोण? डॉक्टरेट मिळवल्यावर, कायमची जागा मिळेपर्यंत, दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत वर्षा-दोन वर्षांच्या कराराने काम करणारा संशोधक. नाव शिकाऊ उमेदवाराचे, काम कसबी कारागिराचे. आमच्या एका जुन्या सभासदाची मुलगी परदेशात अशीच आहे, त्वचेच्याच एका स्वयंप्रतिकार रोगावर. ती सुटीत आली होती तेव्हा आम्ही तिला दिवसाचा तक्ता विचारला. युनियनवाल्याची खोड जात नाही. ती म्हणाली, "काका, उंदरांना रविवार नसतो. टोचल्यापासून ठरल्या दिवशी मोजले नाही तर सात आठवडे फुकट." करार किती दिवसांचा? एक वर्षाचा. वाढतो का? प्रमुखांना अनुदान मिळाले तर. नाही मिळाले तर? तर व्हिसा संपतो. अमेरिकेतले निम्म्याहून अधिक पोस्टडॉक असे तात्पुरत्या व्हिसावरचे परदेशी आहेत. तिचे वडील शेजारी बसून ऐकत होते. गिरणीत त्यांनी अकरा वर्षे बदली म्हणून काढली. ते म्हणाले, "म्हणजे ही बदलीच की!"

गिरणगावातल्या जुन्या मंडळींना बदली म्हणजे काय ते सांगायला नको. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे. कोणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर घरी. आम्ही या दोघांची बरोबरी करीत नाही. पोस्टडॉकच्या ताटात भाकरी आहे. बदलीच्या ताटात ती असेलच असे नव्हते. पण यंत्र एकच आहे: काम कायमचे आणि माणूस तात्पुरता. कोडावरचे संशोधन वीस-पंचवीस वर्षे चालूच आहे; ते करणारे हात मात्र तीन-चार वर्षांनी बदलतात.

थोडा पैशाचा हिशेब करू, कारण तो आम्हांला येतो. २०२२ मध्ये अमेरिकन सरकारच्या आरोग्यसंस्थेच्या दरपत्रकात नव्या पोस्टडॉकचे वार्षिक वेतन ५४,८४० डॉलर होते, म्हणजे महिना साडेचार हजारांच्या आसपास. त्याच साली कोडासाठी मंजूर झालेल्या त्या मलमाच्या ६० ग्रॅमच्या नळीची छापील किंमत जवळजवळ २,००० डॉलर होती. महिन्याच्या पगारात दोन नळ्या! आमच्याकडे केंद्र सरकारने २०२३ मध्ये रिसर्च असोसिएटचा पहिल्या पायरीचा दर ४७,००० वरून ५८,००० रुपये केला, तोही संशोधक विद्यार्थ्यांनी व असोसिएटांनी वर्षानुवर्षे मोर्चे काढल्यावर, निवेदने दिल्यावर. या दराने ती एक नळी म्हणजे पावणेतीन महिन्यांचा पगार. त्यांची खरी तक्रार दराची नसते. दर कागदावर असतो आणि पैसे महिनोन् महिने येत नाहीत, ही असते. ही तक्रार आम्ही जन्मभर ऐकत आलो आहोत. फरक एवढाच की, ही मुले ती इंग्रजीत लिहितात.

येथे कोणी म्हणेल की, हे ज्ञानाचे क्षेत्र आहे, येथे युनियन कशाला? कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या पोस्टडॉकांनाही हेच सांगितले गेले असणार. त्यांनी २००८ मध्ये मोटार-कामगारांच्या युनियनशी जोडून घेऊन आपली संघटना मान्य करून घेतली आणि २०१० मध्ये पहिला करार केला. मोटार-कामगारांच्या युनियनमध्ये उंदीर टोचणारे पंडित! आमच्या कार्यालयात हे सांगितले तेव्हा लोक पोट धरून हसले, आणि मग गंभीर झाले. १४ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या विद्यापीठाच्या दहाही आवारांत सुमारे ४८,००० जणांनी काम बंद केले. पोस्टडॉक, संशोधक, शिकवणारे विद्यार्थी, सगळे. पोस्टडॉकांचा समझोता आधी झाला, तरी मतदान होईपर्यंत ते इतरांच्या बाजूने संपावर राहिले. करारात किमान वेतन ७०,००० डॉलरपर्यंत गेले. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकन सरकारच्या त्या आरोग्यसंस्थेतल्या तरुण संशोधकांनीही युनियनच्या बाजूने कौल दिला, आणि २०२४ मध्ये तिने आपल्या दरपत्रकात पोस्टडॉकचा आरंभीचा दर ६१,००८ डॉलर केला. हा कशाचा परिणाम ते ज्याचे त्याने ठरवावे. आमचे मत आम्ही सांगायला नको.

संशोधकाचा पगार वाढल्याने औषध लवकर सापडेल असा दावा आम्ही करीत नाही. आमचे म्हणणे अगदी लहान आहे. सात आठवड्यांच्या प्रयोगाला सात आठवड्यांची शाश्वती लागते. करार संपता संपता जे हाती लागले ते घाईने छापावे लागते, आणि ज्या प्रश्नाला पाच वर्षे लागतील तो कोणी हातीच घेत नाही. रसायनांचा प्रश्न असाच आहे. बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या गोंदात, कलपात, रबरात टायरोसिनेजला फसवणारे काही आहे का, हे आधीच तपासून पाहणे शक्य आहे. त्याचे मार्ग ठाऊक आहेत. पण ते कंटाळवाणे काम आहे, त्यात नाव नाही, आणि दोन वर्षांच्या करारावरचा माणूस ते का करील? मग तपासणी होते ती कामगाराच्या बोटावर आणि बाईच्या कपाळावर.

सोल्यूशनच्या खात्यातल्या त्या बाईचे पुढे काय झाले हे श्रोत्यांना जाणून घ्यावेसे वाटेल. तिला त्याच पगारावर मोजणीच्या खात्यात बदलून घेतले. तडजोडीची काही रक्कम मिळाली. ती पुरेशी नव्हती. बाकी दोघींना ब्रश मिळाले, आणि दर नगावरून दिवसावर आला, कारण दर नगावर असेपर्यंत ब्रश कोणी वापरत नाही, हे आम्ही मालकाला पटवले. त्या दोघींचे डाग तेथेच थांबले. पहिलीच्या मनगटावर सात-आठ महिन्यांनी केसांच्या मुळाशी तपकिरी ठिपके दिसू लागले. कोडाचा रंग परततो तो असाच. केसांच्या मुळाशी राखीव रंगपेशी असतात, त्या वर चढतात आणि ठिपक्याला ठिपका जोडत जातो. मनगट जवळजवळ भरले आहे. बोटांच्या टोकांना केस नसतात. ती अजून पांढरीच आहेत. टिकलीच्या, चपलेच्या किंवा सोल्यूशनच्या जागी असा डाग कोणाला दिसला तर ती वस्तू त्याच दिवशी बंद करावी, तिच्या वेष्टनावरचे नाव उतरवून घ्यावे आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे जाताना वस्तू बरोबर न्यावी. आमचे कार्यालय मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर उघडे असते. डबा किंवा वेष्टन घेऊन आलात तर सभासद आहात की नाही हे विचारले जाणार नाही.